मांजरीची नखं ‘काढतात’ म्हणजे नेमकं काय काढतात?

रविवारी सकाळी टेक्सासहून भाचीचा फोन आला. नवं घर भाड्याने घेतलंय, करारात एक कलम आहे : मांजर ठेवायची असेल तर तिची नखं काढलेली हवीत. “मावशी, काय करू गं?”

मी म्हटलं, “काढ की मग, त्यात विचारायचं काय! मी ठमीची दर पंधरा दिवसांनी काढते.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, “अगं, नेलकटरने नाही. ऑपरेशन करून. कायमची.”

घोळ मराठीने घातला होता. आपण नखं ‘काढतो’ म्हणजे कापतो. दिवेलागणीला नखं काढू नयेत, हे लहानपणी प्रत्येकाने आजीकडून ऐकलेलं असतं, आणि तिथे आजीच्या मनात नेलकटर किंवा ब्लेडच असतं. इंग्रजीतला ‘डिक्लॉ’ हा शब्दही तितकाच लबाड. ऐकणाऱ्याला वाटतं, नखं काढून टाकली, संपलं. प्रत्यक्षात त्या शस्त्रक्रियेत कापलं जातं ते हाड.

हे समजून घ्यायला आधी आपल्या बोटाकडे बघा. आपलं नख बोटाच्या टोकाला मांसावर बसलेलं असतं. दारात सापडून ते कधी अख्खं निघालं तरी बोट शाबूत राहतं आणि काही महिन्यांत नवं नख येतं. मांजरीची रचना वेगळी आहे. तिच्या बोटाचं शेवटचं पेर म्हणजे एक छोटं, आकड्यासारखं हाड, आणि नख म्हणजे त्या हाडावर टोपणासारखं चढलेलं आवरण. नख जिथून उगवतं तो थर त्या हाडालाच चिकटलेला असतो. त्यामुळे नख कायमचं घालवायचं तर हाडासकट ते पेरच तोडावं लागतं.

कुणाच्या जुन्या घरात सोन्यात मढवलेलं वाघनख पाहिलं असेल तर हे लगेच लक्षात येईल. पूर्वी लहान मुलांच्या गळ्यात घालायचे ते (आता वन्यजीव कायद्याने बंदी आहे). सोनार त्याच्या जाड बाजूला सोन्याची टोपी बसवायचा, कारण ती बाजू पोकळ असते. त्या पोकळीत जिवंत वाघाच्या बोटाचं हाड असायचं. आपली मनीमाऊ या बाबतीत वाघाचीच मावशी.

आता ही शस्त्रक्रिया. वैद्यकीय नाव ऑनिकेक्टमी. मांजरीला भूल देतात आणि प्रत्येक बोटाचं शेवटचं पेर सांध्यातून वेगळं करतात. बहुतेकदा फक्त पुढच्या पंजांचं. पुढे प्रत्येकी पाच बोटं, म्हणजे दहा पेरं. मागे प्रत्येकी चार. चारही पाय केले तर अठरा. म्हणजे ‘एक ऑपरेशन’ म्हणतात त्यात दहा ते अठरा छोटे अवयवच्छेद असतात. हत्यारं तीन प्रकारची : नखं कापायच्या गिलोटिन कात्रीसारखं एक, साधी सर्जिकल सुरी, आणि लेझर. कात्रीची पद्धत सगळ्यात झटपट आणि सगळ्यात ढोबळ. तिच्यात हाडाचा तुकडा मागे राहण्याचा धोका जास्त, आणि नख उगवणारा थर त्या तुकड्यावर उरला तर आतल्या आत वेडंवाकडं नख पुन्हा वाढू लागतं. लेझरने रक्तस्राव कमी होतो, सुरुवातीचे दिवस जरा सुसह्य जातात. पण लेझर असो वा सुरी, जातं ते पेरच.

याच घराण्यातली एक दुसरी शस्त्रक्रियाही आहे. तिच्यात हाड ठेवतात, पण नख बाहेर काढणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, कापतात. मांजरीची नखं आरामात असताना आतच असतात. एक लवचीक अस्थिबंध त्यांना मागे ओढून धरतो, आणि बाहेर काढायला तिला स्नायू आवळावा लागतो. ती दोरी कापली की नख जागेवर राहतं, पण बाहेर येत नाही. ऐकायला सौम्य वाटतं. मात्र अशी मांजर नखं घासू शकत नाही, ती जाड होत जातात, आणि मालकाला जन्मभर कापत बसावं लागतं. नखं कापायचा कंटाळा म्हणून शस्त्रक्रिया करायची आणि शेवटी नखंच कापत बसायचं!

मुळात मांजर ओरबाडते कशाला? सोफ्याशी तिचं वैर नसतं. ओरबाडताना नखाचं जुनं, बोथट झालेलं टरफल निघतं आणि खालचं धारदार नख उघडं पडतं. ठमीच्या चटईखाली मला ही टरफलं सापडतात, जोंधळ्याच्या फोलपटासारखी. शिवाय तिच्या बोटांच्या मधे गंधग्रंथी असतात. ओरखडा आणि वास मिळून ‘हे घर माझं’ अशी पाटी लागते. आणि झोपेतून उठल्यावर पुढचे पाय रोवून ती जी पाठ ताणते, त्यासाठीही नखं कुठेतरी रुतवावी लागतात. या तिन्ही गरजा जन्मजात आहेत. रागावून, चप्पल दाखवून त्या जात नाहीत.

मग अमेरिकेतच ही शस्त्रक्रिया एवढी का रुजली? माझ्या मते उत्तराचा बराचसा भाग मातीत आहे, खऱ्याखुऱ्या मातीत. १९४७ साली मिशिगन राज्यात एड लो नावाच्या तरुणाकडे शेजारीण मांजरीच्या शी-शूच्या पेटीसाठी वाळू मागायला आली. त्याने तिला वाळूऐवजी सुकवलेली शोषक माती दिली. फुलर्स अर्थ म्हणतात ती, आपल्याकडची मुलतानी माती त्याच जातीतली. ओल शोषणारी, वास दाबणारी. पुढे त्याने तीच पाकिटात भरून विकली आणि ‘किटी लिटर’चा धंदा उभा राहिला. तोवर मांजर रात्री बाहेर जायची. आता तिला बाहेर जायची गरज उरली नाही. ती चोवीस तास घरात आली, आणि घरात होते नवे कापडी सोफे आणि गालिचे. १९५०च्या दशकापासून पशुवैद्यकीय नियतकालिकांत नखं काढण्याच्या शस्त्रक्रियेची वर्णनं दिसू लागतात. नंतर ती इतकी सरावाची झाली, की मांजरीच्या पिल्लाची नसबंदी करायला नेलं की डॉक्टरच विचारायचे, ‘नखंही उरकून टाकू का?’ एकाच भुलीत दोन्ही कामं. एके काळी तिथल्या पाळीव मांजरांपैकी साधारण चार-पाचांत एक अशी असायची.

युरोपात हे कधी रुजलंच नाही. पाळीव प्राण्यांच्या रक्षणासाठी १९८७ साली स्ट्रासबर्गला एक युरोपीय करार झाला. उपचारासाठी नसलेल्या शस्त्रक्रियांची त्यात यादी आहे : शेपूट तोडणं, कान कापणं, स्वरयंत्र निकामी करणं, नखं काढणं, दात काढणं. इस्राएलने २०११ साली बंदी घातली आणि तुरुंगवासाचीही तरतूद केली.

अमेरिकेतल्या वादाची सुरुवात मात्र वाघांपासून झाली. हॉलिवूडच्या आसपास चित्रपटांसाठी आणि खेळांसाठी पाळलेले वाघ-सिंह असत. त्यांना हाताळायला सोपं जावं म्हणून त्यांची नखं काढलेली असत. शेकडो किलो वजन त्या तुटक्या बोटांवर पेलताना ते लंगडायचे. जेनिफर कॉनरॅड या पशुवैद्य बाईंनी अशा प्राण्यांचे पंजे दुरुस्त करायला सुरुवात केली आणि ‘पॉ प्रोजेक्ट’ ही संस्था काढली. त्यांच्या पाठपुराव्यातून २००३ साली लॉस एंजेलिसला लागून असलेल्या वेस्ट हॉलिवूड या छोट्या शहराने घरगुती मांजरांसाठीही बंदी घातली. अमेरिकेतलं हे पहिलं शहर.

पुढचा खेळ बघण्यासारखा आहे. कॅलिफोर्नियाची पशुवैद्यांची संघटना कोर्टात गेली. मुद्दा मांजरीचा नव्हता. परवानाधारक डॉक्टरने काय करावं हे राज्य ठरवणार की नगरपालिका, हा होता. खालच्या कोर्टात डॉक्टर जिंकले. २००७ मध्ये अपील कोर्टात शहर जिंकलं. मग संघटनेने विधिमंडळाचा रस्ता धरला, आणि १ जानेवारी २०१० नंतर कुठल्याही शहराला अशी बंदी घालता येणार नाही, असा कायदा झाला. पण त्या तारखेपर्यंत दार उघडं होतं. २००९ च्या अखेरीस लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, बर्कली, सांता मोनिका, बेव्हर्ली हिल्स, बरबँक आणि कल्व्हर सिटी या सात शहरांनी घाईघाईने बंद्या मंजूर करून घेतल्या. बंदी रोखायला केलेल्या कायद्यानेच बंद्यांची रांग लावली.

गंमत म्हणजे (की खेद म्हणजे) तोवर वाघांचा प्रश्न सुटत आला होता. २००६ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने जाहीर केलं, की परवान्याखालच्या वन्य मांसाहारी प्राण्यांची नखं किंवा दात काढणं ही योग्य पशुवैद्यकीय काळजी मानली जाणार नाही. वाघाला संरक्षण मिळालं. वाघाची मावशी मात्र सोफ्यापाशी उभीच होती.

राज्य पातळीवर पहिलं आलं न्यूयॉर्क, जुलै २०१९ मध्ये. मोडणाऱ्याला एक हजार डॉलरपर्यंत दंड. मेरीलँड २०२२, व्हर्जिनिया २०२४, मॅसॅच्युसेट्स २०२५. कॅनडात वेगळ्याच दिशेने वारं वाहिलं. तिथे नोव्हा स्कोशिया, ब्रिटिश कोलंबिया वगैरे प्रांतांत डॉक्टरांच्याच नियामक संस्थांनी ठरवलं की हे आपल्या व्यवसायाच्या नीतीत बसत नाही. मला हा मार्ग जास्त भावतो. ज्याच्या हातात सुरी आहे त्यानेच ती खाली ठेवणं वेगळं.

आता दुसरी बाजू. ती नुसती क्रूर माणसांची बाजू नाही, म्हणून नीट ऐकली पाहिजे. न्यूयॉर्कच्या पशुवैद्यक संघटनेने बंदीला विरोध केला, तेव्हा त्यांचं म्हणणं असं : बहुतेक वेळा आम्हीही नकोच म्हणतो. पण कधीकधी समोर दोनच रस्ते असतात, नखं काढा नाहीतर मांजर निवाऱ्यात सोडा. आणि अमेरिकेतल्या निवाऱ्यांत जागा संपली की प्राण्यांना कायमचं झोपवतात, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मग दहा पेरं जाणं बरं की जीव जाणं? शिवाय रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारे आजोबा, केमोथेरपी चालू असलेली बाई, अशांना एक ओरखडाही महागात पडू शकतो. त्यांनी लाडकं मांजर सोडून द्यायचं का?

युक्तिवाद वजनदार आहे, पण तपासता येण्याजोगा आहे. बंदीमुळे मांजरं टाकून देण्याचं प्रमाण खरंच वाढत असेल तर निवाऱ्यांच्या नोंदवह्यांत ते दिसायला हवं. ब्रिटिश कोलंबियातल्या निवाऱ्यांची बंदीआधीची आणि नंतरची आकडेवारी संशोधकांनी ताडून पाहिली. वाढ आढळली नाही. आजारी माणसांबद्दल म्हणाल, तर अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणांचा एचआयव्ही असलेल्यांनाही सल्ला नखं काढा असा नाही. ओरखड्यातून होणाऱ्या तापाचा जंतू, बार्टोनेला, नखांवर येतो तो पिसवांच्या विष्ठेतून. म्हणून आधी पिसवा आवरा, नखं कापत राहा, आणि दांडगाईचे खेळ टाळा.

आणि नखं गेली की मांजर निरुपद्रवी होते का? इथे २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास महत्त्वाचा आहे. नखं काढलेल्या १३७ आणि न काढलेल्या १३७ मांजरांची तुलना त्यात होती. नखं काढलेल्यांत पेटीबाहेर शी-शू करण्याची शक्यता सुमारे सातपट निघाली, चावण्याची चौपटीहून जास्त, पाठदुखीची जवळजवळ तिप्पट. एक्स-रे काढल्यावर त्यांच्यातल्या ६३ टक्के मांजरांच्या पंजात हाडाचे तुकडे राहिलेले दिसले. म्हणजे शस्त्रक्रिया जशी व्हायला हवी तशीही निम्म्याहून अधिक वेळा झाली नव्हती.

असे आकडे वाचताना थोडं सावध राहावं. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. कुणी नाणं उडवून मांजरांचे दोन गट पाडले नव्हते. जी मांजर आधीच चिडखोर तिचीच नखं काढली गेली असतील, असं म्हणायला जागा उरते. जुन्या काही पाहण्यांत वागण्यात फारसा फरक आढळला नव्हता, हेही खरं. तरी कारणांची साखळी जुळते. शस्त्रक्रियेनंतर पेटीत नेहमीची दाणेदार माती न घालता कागदाच्या पट्ट्या घाला, असं डॉक्टरच सांगतात, कारण दाणे जखमेत शिरतात. पंजा दुखत असताना जिने माती उकरली आणि कळ आली, ती पुढे मऊ पांघरूण शोधणार. आणि पहिला इशारा द्यायचं हत्यारच नसेल तर राहतात दात. मांजरीचं नख कातडी फाडतं. तिचा सुळा सुईसारखा खोल जातो, आणि त्या जखमा फार लवकर चिघळतात.

अमेरिकेतल्या मांजरांच्या डॉक्टरांची खास संघटना २०१७ पासून या शस्त्रक्रियेच्या ठाम विरोधात आहे. सर्व पशुवैद्यांची मोठी राष्ट्रीय संघटना २०२० मध्ये ‘आम्ही याला प्रोत्साहन देत नाही’ इथवर आली, पण अंतिम निर्णय डॉक्टरचाच, हे शेपूट तिने सोडलं नाही. त्याच वर्षी व्हीसीए, बॅनफिल्ड आणि ब्लूपर्ल या दवाखान्यांच्या तीन मोठ्या साखळ्यांनी ही शस्त्रक्रिया बंद केली. तिघींची मालक एकच, मार्स कंपनी. हो, चॉकलेटवाली. कधीकधी कायद्याआधी मालक हलतो.

रोगावरचा उपचार म्हणून नख किंवा पेर काढणं वेगळं. गाठ असेल, हाडापर्यंत जंतुसंसर्ग असेल, तर ते करावंच लागतं, आणि या बंद्यांत त्याला मुभा आहे.

आपल्याकडे हा वाद का नाही, असं भाचीने विचारलं. माझं उत्तर तिला फारसं आवडलं नाही. आपण फार दयाळू आहोत म्हणून नव्हे. आपली मांजर अर्धी घरची, अर्धी गल्लीची. ती आंब्याच्या खोडावर नखं घासते, गोणपाटावर घासते. पण डॉबरमनच्या पिल्लाचे कान टोकदार हवेत म्हणून कापून आणणारे लोक माझ्या ओळखीचे आहेत, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा प्राण्याचा अंगविच्छेद हा गुन्हा मानतो खरा, पण पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये. वडापावच्या दोन गाड्या पालथ्या घातल्या तरी यापेक्षा जास्त खर्च होतो. आता शहरांत मांजरं बाराव्या मजल्यावर राहायला लागली आहेत, पर्शियन मांजर आणि इटालियन सोफा एकाच महिन्यात घरी येतात. हा प्रश्न इथे यायला वेळ लागणार नाही.

तर भाचीच्या मांजरीचं, बिस्किटचं, काय करायचं? कॅलिफोर्नियात २०१३ पासून घरमालकाला अशी अट घालताच येत नाही, पण ती कॅलिफोर्नियात नाही. मी सुचवलं, आधी त्याला विचार की तुला नखांची भीती आहे की गालिच्याची. गालिच्याचीच होती. मग ‘नुकसान झालं तर भरून देईन’ असं जादा डिपॉझिट ठेवून कलम खोडून घेतलं. नाहीतर प्लॅस्टिकच्या टोप्यांचा पर्याय होता. छोट्या टोप्या नखांवर गोंदाने चिकटवतात, साधारण चार ते सहा आठवड्यांत नखाबरोबर गळतात.

खरा उपाय खांबाचा. तिने दुकानातून एक आणला होता, फूटभर उंचीचा, धक्का दिला की डुलणारा. बिस्किटने एकदा पंजा लावला, खांब कलला, आणि तिने त्याच्याकडे पुन्हा ढुंकूनही पाहिलं नाही. मांजरीला मागच्या पायांवर उभं राहून अख्खं अंग ताणता आलं पाहिजे. म्हणजे खांब तीन फूट तरी हवा, आणि अंगाचा भार टाकला तरी हलता कामा नये. त्यावर गुळगुळीत कापड नको, खरखरीत दोर हवा. तिकडे सिसलचा दोर मिळतो. सिसल म्हणजे आपली घायपातच, रेल्वेरुळांच्या कडेला तलवारींसारखी पानं काढून उभी असते ती. माझ्याकडे कोकणातून आणलेला सुंभ आहे, खाटेच्या जुन्या पायाला गुंडाळलेला. खांब कोपऱ्यात लपवू नये. जिथे ती आधीच ओरबाडते तिथेच, सोफ्याला लागून ठेवावा, आणि सोफ्याच्या त्या बाजूला काही दिवस दुहेरी चिकटपट्टी लावावी. पंजाला चिकट लागलेलं मांजरांना अजिबात खपत नाही.

आणि नखं कापणं. काल व्हिडिओ कॉलवर शिकवलं. ठमी माझ्या मांडीवर, बिस्किट तिच्या. बोट वरून-खालून हलकं दाबायचं, नख आपोआप म्यानातून बाहेर येतं. उजेडात धरलं की पांढऱ्या नखाच्या आत गुलाबी रेघ दिसते. ती जिव्हाळी. तिच्यात रक्त आणि मज्जातंतू असतात, तिला कात्री लागली की मांजर पुन्हा महिनाभर पंजा हातात देत नाही. फक्त पुढचं आकड्यासारखं टोक उडवायचं, बस. मधे थांबायचं, काहीतरी खायला द्यायचं, मग पुढचं बोट.

तिसऱ्या नखाला बिस्किट पळाली. सुक्या मासळीच्या तुकड्यावर परत आली. अर्ध्या तासाने भाचीने घामाघूम होऊन कॅमेऱ्यासमोर बोटं मोजली.

“मावशी, पुढची दहा झाली. मागची आठ उद्या.”